अकरा वेळा ‘मान्य आहे’

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध परिचारिका राहत होत्या. नाव सगुणाबाई साळवे, पण सारी पंचक्रोशी त्यांना ‘सिस्टर’ म्हणे. चाळीस वर्षे त्यांनी वाड्यावस्त्यांवर फिरून बाळंतपणे केली. बायका त्यांना जे सांगत, ते सख्ख्या आईलाही सांगत नसत. कोणाचा गर्भ किती वेळा गळाला, कोणाच्या पाठीवर कशाचे वळ आहेत, कोणत्या घरात कोणता आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, हे सारे सिस्टरांनी चौदा वह्यांत लिहून ठेवले होते. एका पुढाऱ्याने एकदा आपल्या सुनेची नोंद असलेली वही मागितली, तेव्हा “आधी मला उचलून रस्त्यावर टाका,” असे म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या होत्या.

आता त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि वह्यांना कसर लागली होती. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मृदुला नावाच्या तरुण परिचारिकेने एक स्वस्तातला नवा लॅपटॉप आणला.

“सिस्टर, सगळ्या वह्या यात उतरवते,” ती उत्साहाने म्हणाली. “नाहीतर दोन वर्षांत कागदाचा भुगा होईल.”

यंत्र सुरू झाले आणि पडद्यावर एकामागून एक प्रश्न येऊ लागले. तुम्ही कुठे आहात हे कळू द्यावे का? तुमचा आवाज ऐकावा का? तुम्ही जे लिहाल ते आमच्याकडे साठवावे का? प्रत्येक प्रश्नाखाली ‘मान्य आहे’ असे ठळक निळे बटण होते. नकाराची अक्षरे मात्र इतकी बारीक आणि फिकट होती की शोधावी लागत. मृदुलाने एकही ओळ न वाचता निळी बटणे दाबली. पाव तासात पडदा न मागता आलेल्या खेळांनी, बातम्यांनी आणि खरेदीच्या चित्रांनी भरून गेला.

“झालं! द्या पहिली वही.”

सिस्टरांनी वही दिली नाही. त्या म्हणाल्या, “आधी तुझं लिही. आजवर कुणाला सांगितलं नाहीस, असं काहीतरी. वर तुझं नाव घाल.”

मृदुलाला हसू आले. पण सिस्टर हसत नव्हत्या. तेव्हा तिने मुकाट्याने आपले नाव लिहिले, एक शब्द लिहिला, आणि तिची बोटे थबकली. तिचा चेहरा उतरला. तिने तो शब्द खोडून टाकला.

“का गं थांबलीस?”

“सिस्टर, हे... हे जाईल कुठे? कोण वाचेल?”

“हाच प्रश्न मघाशी का नाही आला?” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “बटणाचा आवाज मी मोजत होते. अकरा वेळा तू ‘मान्य आहे’ म्हणालीस. तेव्हा शब्द दुसऱ्या बायकांचे होते, म्हणून बोट अडखळलं नाही. बाळे, आपला होकार आपण द्यावा. दुसऱ्याच्या वतीनं होकार द्यायचा अधिकार मला चाळीस वर्षांत कुणी दिला नाही. तुला या यंत्रानं कसा दिला?”

मृदुलाने लॅपटॉप पिशवीत घातला आणि दोघी बाजारात दुकानदाराकडे गेल्या.

“यातलं सगळं पुसून द्या,” मृदुला म्हणाली. “लिहिण्यापुरतं काय ते ठेवा, आणि नेटशिवाय चाललं पाहिजे.”

दुकानदाराने कपाळाला हात लावला. “अहो ताई, हे सगळं फुकट येतं. यांच्या कंपन्या पैसे मोजतात, म्हणून तर मशीन एवढं स्वस्त पडतं!”

“असं होय,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणजे उरलेली किंमत आमच्या बायकांनी भरायची ठरलंय. त्यांना न विचारता.”

“सगळेच ‘हो’ म्हणतात, सिस्टर. आजवर कुणी तक्रार नाही केली.”

“मग मी पहिली,” मृदुला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “पुसा.”

“वॉरंटी जाईल. नंतर माझ्याकडे येऊ नका.”

“जाऊ दे गेली तर. पुसा म्हटलं ना.”

दुकानदार कुरकुरत कामाला लागला. मृदुला स्टुलावर बसून राहिली आणि पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ त्याच्याकडून वाचून, समजून घेत गेली. जिथे नकार देता येत होता, तिथे तिने स्वतःच्या हाताने नकार दिला. दुपार सरली तेव्हा यंत्रात एक कोरे पान आणि पासवर्डचे एक कुलूप, एवढेच उरले.

तरीही मृदुलाने वह्या उतरवायला घेतल्या नाहीत. आधी ती वस्त्यांवर गेली आणि ज्या बायका हयात होत्या, त्यांना एकेकीला विचारू लागली. काहींनी होकार दिला. काहींनी “माझं पान फाडून टाक,” असे सांगितले, आणि तिने ते त्यांच्यासमोर फाडले. सिस्टरांनी एकदाही हरकत घेतली नाही.

एके सकाळी दूरच्या वस्तीवरची एक बाई दवाखान्यात आली. टेबलावरच्या लॅपटॉपकडे संशयाने पाहत ती दारातच थांबली.

“यात काय काय जातं गं?”

“तुम्ही म्हणाल तेवढंच,” मृदुला म्हणाली. “नको म्हणालात, तर काहीच नाही.”

बाईने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग आत येऊन तिने दार लोटून घेतले आणि बोलायला सुरुवात केली.