आईचं सांगणं

डोंगराच्या पोटाशी, जिथे ऊन उशिरा यायचं आणि लवकर जायचं, अशा एका गावात एक लेखक राहत होता. पंचक्रोशीत लिहिता येणारा तो एकटाच. त्यामुळे बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नसे. कुणाला लग्नाची पत्रिका हवी, कुणाला बारशाचा पाळणा, कुणाला नव्या सुनेसाठी उखाणे. एकदा तर बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांनी एकमेकांविरुद्धच्या तक्रारी त्याच्याकडूनच लिहून घेतल्या. पठ्ठ्याने दोन्ही अशा झोकात लिहिल्या की वाचणाऱ्याला दोघेही खरे वाटावेत!

पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. त्या गावात एक जुनी रीत होती. माणूस गेलं की लेखकाने त्याचं 'सांगणं' लिहायचं. ते माणूस कसं चालायचं, कशाला हसायचं, कशाला भ्यायचं, एवढंच, कागदभर. मग ते मोठ्याने वाचायचं. आपलं सांगणं ऐकलं की गेलेलं माणूस उठे आणि वेस ओलांडून पुढच्या वाटेला लागे. तोवर ते लेखकाच्या ओसरीवर येऊन बसे. बाकी कुणाला ते दिसत नसे, फक्त लेखकाला दिसे. ते पाणी मागत नसे की बोलत नसे. नुसतं बसून राही.

लेखकाच्या गुरूंनी त्याला बजावलं होतं, "सकाळचं पहिलं लिखाण ओसरीवरच्यांचं. जिवंत माणसं आरडाओरडा करून आपलं काम करून घेतात. ही ओरडत नाहीत, पुसट होत जातात. आणि चेहरा पुसला गेला की संपलंच. मग त्यांना स्वतःची ओळख राहत नाही, वेस सापडत नाही. शिवारात भटकत राहतात, कायमची."

लेखकाने हे बरीच वर्षं इमानाने पाळलं. मग एका वैशाखात त्याची आई गेली.

दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर आली. खांबाला टेकून बसली, मांडीवर रिकामं सूप घेतलं आणि पाखडू लागली. सुपात एक दाणा नव्हता, तरी आवाज मात्र येत होता, सळक सळक.

लेखकाला भरून आलं. त्याने मनाशी ठरवलं, 'आईचं सांगणं असं घाईत उरकायचं नाही. निवांत बसून, मन लावून लिहीन. असं लिहीन की गाव ऐकत राहील.' आणि तेवढ्यात दाराशी कुणीतरी हाक मारली, "लेखकबुवा, आहात का घरात?"

झालं! त्या दिवसापासून निवांतपणा काही त्याच्या घराकडे फिरकला नाही. आज पत्रिका, उद्या अर्ज, परवा जावळाचं आमंत्रण. एखादी सकाळ मोकळी मिळालीच, तर तो नवा बोरू तासत बसे, शाई घोटत बसे. आईसाठी जुनी शाई कशी वापरायची? शाई उत्तम झाली की दाराशी हाक येई आणि त्या उत्तम शाईने कुणाचा तरी उखाणा लिहिला जाई.

एकदा बायकोने विचारलं, "अहो, सासूबाईंचं सांगणं अजून झालं नाही ना?"

"आई आहे ती माझी," लेखक म्हणाला. "ती समजून घेईल. परक्यांना कसं ताटकळत ठेवू?"

ओसरीवर सूप वाजत राहिलं.

ज्येष्ठ संपता संपता लेखकाने पाहिलं, आईची पावलं दिसत नव्हती. लुगड्याचा काठ होता आणि काठाखाली फरशी. 'हे काम हातावेगळं केलं की लगेच बसतो,' असं म्हणून तो पुन्हा कामाला लागला. आषाढात तिचे हात गेले. सूप मात्र आपलं आपण हवेत हलत होतं. ते बघवेना, तेव्हा शहाण्याने काय केलं? आपली बैठक फिरवून घेतली आणि ओसरीकडे पाठ करून लिहू लागला!

पोळ्याचा दिवस उजाडला. पाटलांच्या चांद्या बैलाची स्तुती लिहायची होती. दुपारी लेखक ओळी जुळवत बसला होता आणि एकाएकी सुपाचा आवाज थांबला.

अंगणात कावळासुद्धा ओरडत नव्हता. लेखकाच्या मानेवर काटा उभा राहिला. त्याने हळूच मागे वळून पाहिलं.

आई उंबऱ्यात उभी होती. तिला डोळे नव्हते, नाक नव्हतं. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा चेहरा पुसला गेला होता. राहिलं होतं ते फक्त ओठ आणि हनुवटीवरचं गोंदण. ते ओठ हलले. ओसरीवरचं माणूस आजवर कधी बोललं नव्हतं.

"लेखकबुवा, आहात का घरात?" तिने विचारलं. "एक सांगणं लिहून हवं होतं. पण कुणाचं, ते काही आठवेना."

लेखकाला दरदरून घाम फुटला. ज्या बाईने त्याला जन्म दिला, ती परक्यासारखी दाराशी येऊन रांगेत उभी होती. तिला मुलगा आठवत नव्हता. बोलता बोलता तिचे ओठही विरून गेले, उरलं एवढंसं गोंदण.

तेवढ्यात पाटलांचा गडी धावत आला. "लेखकबुवा, चला लवकर! मिरवणूक खोळंबलीय. पाटील तापलेत. आज स्तुती नाही मिळाली तर पुन्हा तुमच्या दारात पाऊल टाकणार नाहीत म्हणालेत!"

वेशीकडून ढोल ऐकू येत होता. लेखकाने गड्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"पाटलांना सांग, आज जमणार नाही," तो म्हणाला आणि त्याने कोरा कागद ओढला.

जी शाई हाताला लागली तीच घेतली. निवांतपणा नव्हता, ढोल वाजत होता. त्याने लिहिलं, ती अनवाणी कशी चालायची, आणि उंबऱ्यात पावलं उमटली. तिच्या हाताला कायम लागलेलं पीठ लिहिलं, आणि हात आले. त्याच्या तापात रात्रभर उघडे राहिलेले तिचे डोळे लिहिले, आणि ते डोळे उघडले. त्यांनी त्याला ओळखलं. लेखक ढसाढसा रडला.

मग तो अडला. आई काय बोलायची? तिचा आवाज कसा होता? त्याने डोकं धरलं, पण एक शब्द आठवेना. आठवणार कसा? ती बोलायची तेव्हा हा मान खाली घालून लिहीत असायचा आणि नुसतं "हं, हं" म्हणायचा.

त्याने बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "मला त्या रोज विचारायच्या, 'पोरी, जेवलीस का?'" त्याने तेही लिहून पाहिलं. पण ते बायकोच्या कानातलं होतं, त्याच्या नव्हे. कागदावर अक्षरं उमटली, चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

तिकडे पाटलांचा चांद्या स्तुतीशिवायच मिरवला आणि पुरणपोळी खाऊन गोठ्यात जाऊन बसला. त्याचं काही म्हणजे काही अडलं नाही.

दिवेलागणीला लेखकाने सांगणं वाचलं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग जवळ येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण डोळ्यांखाली पार हनुवटीवरच्या गोंदणापर्यंत नुसती सपाट कातडी होती. ती वळली आणि वेशीकडे चालू लागली. लेखक "आई, काय गं?" असं विचारत वेशीपर्यंत मागे मागे गेला. तिने एकदा वळून पाहिलं आणि ती वेस ओलांडून गेली. ती काय सांगणार होती, हे त्याला जन्मभर कळलं नाही.

तात्पर्य इतकंच: जो दाराशी ओरडतो त्याचं काम नेहमीच तातडीचं वाटतं, आणि जे खरोखर आपलं असतं ते गप्प बसून वाट पाहतं. दिवसाचा पहिला वेळ त्या गप्प बसलेल्याला द्यावा. निवांत वेळेची वाट पाहणाऱ्याच्या हाती उरतं ते अर्धंच.