सारंगबाबांचा दट्ट्या

"बाबानू, आज तरी सांगा… ह्यो चलात मां?"

रवळू कातारीने हा प्रश्न उंबऱ्याबाहेरूनच टाकला. चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. पिराची टेकडी तो पळत चढून आला होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली, आणि चेहरा असा की आत जणू उत्सव चालला आहे.

सारंगबाबा काथ्या पिंजत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"या पावण्यांनू. बसा. च्या ठेवतंय."

"च्या नको! पहिलो ह्यो बगा."

बाबा चुलीकडे निघाले होते, ते थांबले. चूल सकाळपासून थंडच होती.

"बरा," ते म्हणाले आणि पुन्हा बसले.

सारंगबाबा म्हणजे पूर्वीचे दाऊद सारंग. तीस वर्षं आगबोटींवर खलाशांचा मुकादम म्हणून काढली, आणि एक दिवस सगळं सोडून खाडीच्या मुखाशी असलेल्या या तकियात, म्हणजे फकिराच्या झोपडीत, येऊन राहिले. बोटीवरून त्यांनी एकच गोष्ट आणली. एका साहेबाने निरोपाला दिलेला पाईप. गावात विड्या ओढणारे पुष्कळ, चिलीम ओढणारेही चार-दोन, पण पाईप ओढणारा फकीर पंचक्रोशीत हा एकटाच.

पायपाचं एक दुखणं असतं. तंबाखू पेटली की फुगते, वाटीबाहेर डोकं काढते. तिला वरून बसवावी लागते. जास्त दाबली तर पाईप विझतो, नाही दाबली तरीही विझतो. साहेब लोक त्यासाठी खिशात छोटा दट्ट्या ठेवतात. बाबांकडे उजव्या हाताचा अंगठा होता. पंचवीस वर्षं त्यांनी जळत्या तंबाखूवर तो अंगठा टेकवला, आणि अंगठ्याने कधी तक्रार केली नाही.

आता मात्र त्याला जखम झाली होती. साखरेचा आजार, त्यामुळे ती भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की विस्तवाला पुन्हा हात लावलात तर अंगठा कापावा लागेल. अंगठ्याला पांढरी पट्टी बांधलेली होती.

आणि म्हणून रवळू गेले चार महिने दट्ट्ये करत होता.

हात त्याचा सोन्यासारखा. बाजारात त्याचं कातारकामाचं दुकान. लाकूड यंत्रावर फिरवायचं, पटाशीने कोरायचं, मग फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरायची. घर्षणाने लाख वितळते आणि रंग चढतो. वर केवड्याचं पान फिरवलं की आरशासारखी चकाकी. त्याचे भोवरे, त्याचे पोळपाट, त्याच्या पाळण्यांच्या दांड्या लोक लांबून न्यायला येत. याची त्याला चांगलीच कल्पना होती. जरा जास्तच होती, असं म्हणू.

पण रवळू टेकडीवर यायचा तो वेगळ्याच कारणाने.

दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप गेला. बापच त्याचा उस्ताद. तेरा दिवस रवळूच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. चौदाव्या दिवशी तो उगाच टेकडी चढून आला, तर बाबांनी त्याला बसायला चटई दिली आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द विचारला नाही. पाईप ओढत राहिले. घरी गेल्यावर रवळू दोन वाट्या पेज प्यायला आणि झोपला. त्या दिवसापासून त्याला या माणसाचा शागीर्द व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

तो दर जुम्याला यायचा. बाबा त्याला नवी चटई घालायचे, स्वतः उठून चहा करायचे, कान असलेल्या कपातून द्यायचे आणि 'तुमी' म्हणायचे. पंच्याहत्तरीचा माणूस अठ्ठावीस वर्षांच्या रवळूला अहोजाहो करतो! रवळूने हे बाजारात निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. "बाबा स्वतःच्या हातान् च्या करून देतत माका," असं म्हणताना त्याची छाती वीतभर फुगायची.

ती हवा काढली जैनबीने. ती टेकडीवरच्या पिराच्या दर्ग्याचं अंगण झाडते.

"रवळू, बाबानी तुका कधी च्या ठेवूक सांगल्यानी?"

"नाय."

"पाणी आणूक?"

"नाय. मी उठलंय तरी बसवन ठेवतत."

"मग तू पावणो," जैनबी म्हणाली आणि झाडू लागली.

रवळूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने नीट आठवून पाहिलं. जैनबीला बाबा 'गो' म्हणत. कोळ्यांना 'अरे' म्हणत. दर्ग्यातल्या लंगड्या कुत्र्याला तर शिव्याच देत. अख्ख्या टेकडीवर 'तुमी' होता तो एकटा रवळू.

त्याच दिवशी त्याने धीर करून विचारलं होतं, "बाबानू, माका शागीर्द करून घेशात?"

बाबा पट्टीचा अंगठा वर करून म्हणाले, "माका एक दट्टो करून आणा. इस्तो बसात, पण मरूचो नाय, असो दट्टो."

इस्तो म्हणजे विस्तव. एवढंच मागणं. रवळूला हसूच आलं होतं. हे काय, दोन दिवसांचं काम!

आतापर्यंत सात झाले होते. सागवानी दट्ट्या जळून काळा पडला. शिंगाचा ठेवल्याबरोबर केस जळाल्यासारखी घाण सुटली, कुत्रासुद्धा उठून गेला. पितळेचा इतका तापला की बाबांच्या हातातून पडला. करवंटीचा, शिसवीचा, आणखी दोन… सातही खिडकीत ओळीने उभे होते. बाबांनी एकही टाकला नव्हता, आणि एकही वापरात ठेवला नव्हता.

आज आठवा.

रवळूने मूठ उघडली.

खैराच्या गाभ्याचा दट्ट्या. बोटभर लांब, मधे बारीक, खाली सपाट. त्यावर लाल, पिवळा, पुन्हा लाल असे केसाएवढे पट्टे. उन्हाची तिरीप पडली आणि तो लखलखला. चार दिवस रवळू यावर बसला होता. असा नग त्याच्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता, आणि ते खरंच होतं.

"वा," बाबा म्हणाले. मनापासून म्हणाले. "बापाशीचो हात दिसता."

रवळूला गहिवरून आलं. झालं, आज झालं!

बाबांनी पाईप भरला. काड्यापेटी हलवून पाहिली, उघडली. आत चार काड्या.

"माझो अंगठो बांधलेलो," ते म्हणाले. "मी ओढतंय. तुमीच दाबा."

रवळू गुडघ्यांवर सरकून पुढे झाला. बाबांच्या तोंडात पाईप, त्याच्यासमोर हा, हातात आठवा दट्ट्या. काडी पेटली. बाबांनी ओढलं. तंबाखू लाल झाली, फुगली, वर आली. रवळूने दट्ट्या टेकवला आणि चांगला जोर देऊन दाबला.

चर्र झालं.

त्याने दट्ट्या उचलला… आणि वाटीतला तंबाखूचा सगळा जळता गोळा दट्ट्याला चिकटून वर आला. लाल लाख तारेसारखी लोंबत होती. असा वास सुटला की बाबांना ठसका लागला.



लाख! आयुष्यभर लाख वितळवून पोट भरणारा माणूस, लाख वितळते एवढंच विसरला होता. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुणी दट्ट्याला लाख लावलीच नसती. त्याला मात्र रंगाशिवाय वस्तू पुरी झाल्यासारखी वाटतच नव्हती.

"बाबानू… पाईप वाया गेलो?"

बाबा वाटीत डोकावले. जळक्या काडीने खरवडू लागले. त्यांचे खांदे हलत होते. रडतात की काय, असं रवळूला वाटलं. मग लक्षात आलं, बाबा हसत होते. दात नसलेल्या तोंडाने, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"सुरी थंय आसा," ते म्हणाले.

रवळूने मासे कापायची सुरी घेतली आणि उंबऱ्यावर बसून आठवा दट्ट्या खरवडायला लागला. लाल गेला. पिवळा गेला. चार दिवस पायाशी भुग्यासारखे पडत होते. त्याला वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, आणि तरी हात थांबत नव्हता. शेवटी खाली नुसतं खैराचं लाकूड राहिलं, तपकिरी, थोडं ओबडधोबड. असं काम तो दुकानात दाखवायलाही लाजला असता.

बाबांनी पाईप पुन्हा भरला.

दुसरी काडी. तंबाखू फुगली. रवळूने दाबली. मनगटाला सवयच ती. दाबल्याशिवाय रंग चढत नाही, हे बापाने त्याला सातव्या वर्षी शिकवलं होतं.

पाईप विझला.

तिसरी काडी. आता तो असा धास्तावला की दट्ट्या टेकवायलाच धजेना. तंबाखू फुगत गेली, वाटीच्या काठावरून निखारा घरंगळला, चटईला भोक पडलं.

पाईप विझला.

बाबांनी पेटी हलवली. आत एकच काडी वाजली.

"बाबानू, थांबा! मी खाली जावन काड्ये घेवन येतंय."

बाबांनी काडी बाहेर काढली.

"बाबानू, नको! हात थरथरता माझो."

"दिसता," बाबा म्हणाले आणि काडी ओढली.

खाडीवरून वारा आला. ज्योत आडवी झाली, निळी झाली. दोघांनीही एकदम हात आडवे धरले, पट्टीचा एक आणि भुग्याने माखलेला एक, आणि त्या ओंजळीत ती कशीबशी उभी राहिली. बाबांनी ओढलं. एकदा. दोनदा. वाटीत लाल ठिपका उमटला, पसरला. काडी संपली.

तंबाखू वर यायला लागली.

रवळूने दट्ट्या वाटीवर आणला. दाबलं तर मरेल. नाही दाबलं तर सांडेल. त्याला बाप आठवला, जैनबी आठवली, खिडकीतले सात दट्ट्ये आठवले. आणि मग, का ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही, त्याने बोटं सैल केली.

दट्ट्या आपल्याच वजनाने खाली गेला आणि विस्तवावर उभा राहिला. रवळूची बोटं त्याच्याभोवती नुसती कडं करून होती, तो कलंडू नये म्हणून.

तंबाखू हळूच बसली. धुराचा एक जाडसर पट्टा बाबांच्या मिशीतून बाहेर आला… मग दुसरा… मग तिसरा.



त्याने दट्ट्या उचलला. वर राखेचा पांढरा पापुद्रा, खाली लाल. पुन्हा फुगली, पुन्हा त्याने नुसता टेकवला. पुन्हा बसली. हात केव्हा थरथरायचा थांबला, तेही त्याला कळलं नाही. खाडीत भरती चढत होती, कोळ्यांची एक होडी आत आली, आणि पाईप जळतच होता.

"बाबानू!" रवळू एकदम ओरडला. अंगणातला कुत्रा दचकून उठला. "बाबानू, पाईप पेटलेलो आसा! आणि मी… मी कायच करूक नाय!"

तो हसत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. काय विचारायला आलो होतो ते तो साफ विसरून गेला होता. आठवतही नव्हतं. त्याला फक्त त्या वाटीतला लाल ठिपका दिसत होता.

बाबांनी डोळे मिटून एक लांब झुरका घेतला. मग पाईप तोंडातून काढला, उलट्या हाताने मिशी पुसली, आणि मघाशी पिंजलेल्या काथ्याचा बोळा पायाने रवळूकडे सरकवला. वर पाईपही त्याच्यापुढे धरला.

"ऊठ. चूल पेटय, च्या ठेव," ते म्हणाले. "काडी सोपली… इस्तो ह्येच्यातलो घे."