तांबडा चंडोल आणि दिवाणसाहेब

वाघेरी संस्थानात थोरल्या महाराजांचा हुकूमच होता, की जो पक्षी दुसरीकडे कुठेच नाही, त्याच्या माळावर बांधकाम करायचं नाही. म्हणून तांबड्या चंडोलाचा माळ मोकळा राहिला होता, आणि दिवाण रंगरावांना नेमका तिथेच बंगला हवा होता. पक्ष्यांपैकी त्यांना फक्त ताटातला तित्तर ओळखता यायचा. तरी एक दिवस ते जाडजूड विलायती पुस्तक काखोटीला मारून दरबारात आले.

"सरकार, नवं संशोधन! तांबडा चंडोल आणि गावोगावचा साधा चंडोल एकच ठरलेत. आपल्या दुर्मीळ पक्ष्यांच्या यादीतून तांबडा खोडायचा. उद्या तो माळावरून नाहीसा झाला, तरी संस्थानाचं काही कमी होत नाही. साधे चंडोल आहेतच!"

गादीवरचे तरुण महाराज मान डोलावू लागले. तेवढ्यात त्यांच्या आत्या गजराबाईसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "दिवाणसाहेब, तुम्ही आणि दारातला भालदार, पुस्तकाच्या हिशेबाने एकच ना?"

"अर्थात! दोघंही माणसंच," रंगराव ऐटीत म्हणाले.

"मग बाळराजे, दिवाणसाहेबांना आजच घरी पाठवा. संस्थानाचं काही कमी होत नाही. भालदार आहेच!"

सगळा दरबार खो-खो हसला, भालदारसुद्धा. रंगरावांनी पुन्हा बंगल्याचं नाव काढलं नाही.