बावन्न खिळे आणि एक सावली

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्येला वर्षभर सूर्याच्या मागे लावलं. आचार्य म्हटल्यावर जटा आणि कमंडलू डोळ्यांसमोर आणू नका. हे दप्तरदार सर, कृष्णाकाठच्या एका गावात पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने तिखट. शिष्या म्हणजे शर्वाणी सातपुते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. तिला डोंगरावरच्या वेधशाळेत शिकायला जायचं होतं. तिथले लोक सरांचं पत्र असल्याशिवाय कुणाला उभं करत नसत.

सर म्हणाले, "पत्र फुकट मिळत नाही. घराच्या गच्चीवर एक सागवानी फळी पक्की बसव. तिच्यावर वीतभर उंचीची सुई उभी कर. संक्रांतीपासून दर आठवड्याला, घड्याळात बारा वाजून तेहतीस मिनिटं झाली की सुईच्या सावलीचं टोक जिथे असेल तिथे एक बारीक खिळा ठोक. आपल्या गावाची सरासरी मध्यान्ह तीच. ढग असतील तर खिळा नाही. वर्षाने मी बघायला येईन."

काम सोपं वाटलं ना? तिलाही वाटलं. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं की मध्यान्ही सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. म्हणजे खिळे उत्तर-दक्षिण रेषेत ओळीने बसणार. पण फेब्रुवारीत ते रेषेपासून बोटभर पश्चिमेला सरकले. मग परत आले, आणि दिवाळीच्या सुमारास बोटभर पूर्वेला गेले. शर्वाणीला एकच कारण दिसलं. आपला हात वाकडा, नजर वाकडी, आणि सर तर अर्ध्या मिलिमीटरवरून भर वर्गात सोलून काढणारे. शेवटी संक्रांतीच्या आधी तिने पक्कड घेतली, सगळे खिळे उपटले आणि पट्टी लावून एका रेषेत ठोकले. पावसाने चुकलेल्या आठवड्यांचेही ठोकले. वर तेलाचा हात फिरवला. फळी देखणी दिसू लागली.

संक्रांतीला सर जिना चढून आले. शर्वाणीच्या आईने दिलेला तिळगूळ तोंडात टाकून त्यांनी फळीवर बोट फिरवत खिळे मोजले.

"बावन्न. आषाढात मी चार आठवडे खिडकीतून पाऊस बघत भजी खाल्ली. तुला ऊन कुठे मिळालं?"

सरांनी पक्कड मागितली आणि एकेक करून सगळे खिळे उपटले. खिळा डबीत पडल्याचा आवाज होई आणि तिला वाटे, गेलं आपलं पत्र. बावन्नावा खिळा निघाल्यावर सर तिच्या आईला म्हणाले, "वहिनी, चिमूटभर रांगोळी द्या."

त्यांनी ती रांगोळी फळीवर चोळली आणि फडक्याने पुसून घेतली. काळपट लाकडावर भोकाभोकांत पांढरे ठिपके उमटले. मध्ये एक सरळ रेघ होती. आणि तिच्या दोन्ही बाजूंनी फिरून, तिला छेदून जाणारा इंग्रजी आठाचा आकडा, एक पोट मोठं आणि सुईजवळचं चिमुकलं. पावसाळ्याच्या जागी तेवढा तुटलेला.

"घड्याळ बघ," सर म्हणाले.

बारा बत्तीस झाले होते. सुईची सावली हळूहळू सरकत होती. बारा तेहतीसला तिचं टोक सरळ रेघेपासून दूर, पश्चिमेच्या एका ठिपक्यावर येऊन टेकलं. तो गेल्या संक्रांतीचा, तिने ठोकलेल्या पहिल्या खिळ्याचा ठिपका होता.

शर्वाणी गुडघ्यांवर बसली. "सर, माझा हात चुकला नव्हता," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

सरही खाली बसले. एरवी तिखट असलेला त्यांचा आवाज मऊ झाला होता. "अगं, घड्याळ आपण केलं, म्हणून ते एका चालीने चालतं. पृथ्वीला ती सक्ती नाही. तिची वाट अंडाकृती आहे. या दिवसांत ती सूर्याच्या जवळ असते आणि जोरात धावते, आषाढात लांब असते आणि रेंगाळते. वर तिचा आस कललेला. म्हणून सूर्य कधी मागे पडतो, कधी पुढे येतो, आणि सावली हा आठ काढते. गेल्या संक्रांतीपासून तू, मी, ही गच्ची, तुझ्या आईचा तिळगूळ, सगळे चौऱ्याण्णव कोटी किलोमीटर फिरून आलो. आणि सावली त्याच भोकात उतरली. तुला चूक वाटली ती पृथ्वीची चाल होती, पोरी. पट्टी लावून तू तीच पुसायला निघालीस."

सावली ठिपक्यावरून सरकून पुढे गेली. आपण बसलो आहोत ती गच्ची पळते आहे, हे शर्वाणीला आयुष्यात पहिल्यांदा खरं वाटलं. तिने फळीला नमस्कार केला.

मग न सांगताच तिने हातोडी घेतली आणि एकेक खिळा त्याच्या मूळ भोकात परत बसवला. एक्केचाळीस बसले. उरलेले अकरा तिने सरांच्या हातावर ठेवले. "एवढे खोटे होते सर. मी ऊन पाहिलंच नव्हतं. पत्र नाही दिलंत तरी चालेल."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. पत्र चार ओळींचं होतं:

"हिने एकदा खिळे सरळ केले होते. मग स्वतःच्या हाताने पुन्हा जागच्या जागी नेले. अकरा जागा रिकाम्या सोडल्या आहेत. हिला घ्यावं."