घरोघरी घर

ऐका मंडळी. गोष्ट प्राण्यांची आहे, तेव्हा कुणी अंगाला लावून घेऊ नये.

एका रानात एक सिंह राज्य करायचा. गुहा आजोबांची, दरारा वडिलांचा, स्वतःची म्हणावी तर तेवढी आयाळ. एके दिवशी त्याला जाहीरपणे गहिवरून आलं. "माझ्या राज्यात कुणी बेघर राहता कामा नये!"

गृहनिर्माणमंत्री तरसोबा तयारच होते. त्यांनी 'परवडणारं, दर्जेदार बीळ' असं राष्ट्रीय धोरण मांडलं आणि घोषणा दिली, "घरोघरी घर!" ज्यांना घरच नव्हतं, तेही घसा फोडून ओरडले.

मग भूमिपूजन. त्या रानात रीत अशी, की महाराजांच्या पहिल्याच पंजाला खड्डा पडला पाहिजे. पण महाराजांनी जन्मात माती उकरलेली नाही! म्हणून तरसोबांनी मऊ जागा शोधली. तशी जागा सगुणा साळिंदरीच्या बिळावर होती. बिचारीचे दिवस भरत आले होते, म्हणून तिनं नुकतंच खणून आत ऐसपैस केलं होतं.

महाराजांनी पंजा मारला. बीळ धाडकन खचलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगुणा बिळाच्या मागच्या तोंडानं कशीबशी बाहेर आली. "अहो महाराज, माझं घर होतं हो ते! आता पिल्लं कुठं घालू मी?"

"म्हणजे तुम्ही बेघर?" तरसोबांचा चेहरा उजळला. "अभिनंदन, बाई! धोरणाच्या पहिल्या लाभार्थी तुम्हीच."

खचलेल्या बिळावर महाराजांच्या हसऱ्या चित्राचा भलाथोरला फलक उभा राहिला. बीळ काही उभं राहिलं नाही. तरी घरवाटपाचा सोहळा थाटात झाला. पहिलं घर कासवाला मिळालं. ते त्याच्या पाठीवरच होतं, त्यामुळे ताबा लगेच देता आला. पाठोपाठ समस्त गोगलगाईंना घरं मिळाली आणि धोरण मुदतीआधीच पूर्ण झालं. डोळे भरून यावेत असाच सोहळा हो!

इकडे सगुणाला कळा सुरू झाल्या. जाणार कुठं? फलकाच्या मागे पालापाचोळा ओढून ती तिथंच बाळंत झाली. दोन पिल्लं. गोजिरवाणी, पण थंडीनं कुडकुडणारी.

ती पुन्हा तरसोबांकडे गेली. तरसोबा जातीनं पाहणीला आले, फलक ठोकून पाहिला आणि कडाडले, "वर आडोसा, पुढं भक्कम भिंत, दारात साक्षात महाराज! आणि स्वतःला बेघर म्हणवता? लाज नाही वाटत सरकारला फसवायला?"

"अहो, पण हा फलक आहे!"

"दर्जेदार आहे," तरसोबा म्हणाले. "आणि तुम्हाला परवडलाही."

सगुणाचं नाव घर मिळालेल्यांच्या यादीत गेलं. महाराजांनी भाषणात तिचा उल्लेख करताना डोळेही पुसले.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. विरोधात बिबट्या उभा आहे. तोही घरं देणार म्हणतो. सगुणानं मात्र मत महाराजांनाच द्यायचं ठरवलंय. पिल्लं वाढत्या अंगाची आहेत, आणि महाराजांचा यंदाचा फलक जास्त रुंद आहे.