दोन शेर शिसं

रानखेडच्या सरकारांना एक बंदूक हवी होती. ती हलकीही हवी होती आणि जडही! शिकारीला निघाली की चार शेरांच्या वर नको, दसऱ्याच्या नेमबाजीला उभी राहिली की सहा शेरांच्या खाली नको. नळी तीच, दस्ता तोच, आणि मुदत एक महिन्याची.

हे खूळ सरकारांच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. त्यांच्याकडे बंदुका दोन होत्या. एक हलकी, रानात झटकन खांद्याला लागणारी. दुसरी जड, नेम धरल्यावर तसूभरही न हलणारी. पण सरकारांना लाल रंग भारी प्रिय, म्हणून दोघींच्या गवसण्या एकाच लाल मखमलीच्या. गेल्या दसऱ्याला टांगलेला नारळ फोडायला गवसणी उघडली, तर आत हलकी. ती हातात थरथरली, नारळ जागच्या जागी राहिला आणि शेजारच्या संस्थानाचे राजे मिशीत हसले. पुढच्याच महिन्यात शिकारीला जड गेली. ती खांद्यापर्यंत पोचेतो रानडुक्कर सरकारांच्या समोरून सावकाश नाला ओलांडून गेलं. एका गवसणीचा रंग बदला, एवढंच कोणी सांगितलं असतं तर भागलं असतं. पण सरकारांना सांगणार कोण?

हुकूम आला गोंदाजी जिनगराकडे. संस्थानाच्या बंदुका घडवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम त्याच्या घरात तीन पिढ्यांचं. कारभारी अप्पाजीपंतांनी हुकुमाला आपल्या दोन अटी जोडल्या. बंदुकीला बाहेरून काही बांधायचं नाही, टांगायचं नाही. आणि काम जमलं नाही तर वेशीजवळचा कारखाना रिकामा करायचा. त्या जागेवर पंतांच्या मेहुण्याचा कधीपासून डोळा होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

गोंदाजीने दस्ता तासून बारीक केला, तर बंदूक हलायला लागली. जाड केला, तर शिकारीच्या कामातून गेली. वीस दिवस असे गेल्यावर त्याने रंधा खाली ठेवला आणि भाकरीचं ताट परत पाठवलं. बाप जेवत नाही म्हटल्यावर त्याच्या मुलीचा, साळूचा, जीव कासावीस झाला. याच कारखान्यात भुशात खेळून ती मोठी झाली होती. दुसऱ्या कोणाचा हातोडा तिथे वाजावा, हे तिला सहन होणारं नव्हतं.

त्याच विचारात ती विहिरीवर निघाली. जाताना डोक्यावरची रिकामी घागर सारखी डुगडुगत होती. येताना तीच घागर काठोकाठ भरलेली, आणि हात न लावता कशी थाऱ्यावर बसली होती! साळू वाटेतच थांबली. मग पाणी न सांडता जेवढं धावता येईल तेवढी धावत घरी आली.

"बाबा, दस्ता आतून कोरून पोकळ करा," ती म्हणाली. "उरलेलं मी सांगते."

महिना भरला त्या दिवशी दरबारात तराजू आला. बंदूक ठेवली, चार शेरांना दोन गुंजा कमीच भरली. सरकारांनी ती उचलून दोनदा खांद्याला लावली आणि त्यांचा चेहरा खुलला. मग साळूने दस्त्याच्या बुडाशी असलेली पितळेची झडप उघडली आणि आतल्या पोकळीत शिशाच्या गोळ्या ओतल्या. खुळखुळू नये म्हणून वर कापूस ठासला आणि झडप लावली. पुन्हा तराजू. सहा शेर, वर चिमूटभर!

सरकार तडक अंगणात गेले. आंब्याला नारळ टांगला होता. बार उडाला आणि नारळाचं पाणी खाली उभ्या असलेल्या भालदाराच्या पागोट्यावर पडलं.

सगळे वाहवा करत असताना पंत पुढे आले. दस्त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "या आतल्या गोळ्या शिकारीला लागणार की नाही?"

"लागणार तर," साळू म्हणाली. "याच नळीच्या मापाच्या पाडल्यात. बाहेर काढायच्या आणि थैलीत भरायच्या. एकही वाया जात नाही."

"म्हणजे दोन शेर शिसं रानात जाणारच!" पंत सरकारांकडे वळले. "ही पोर आपल्याला फसवते आहे. वजन कमी झालंच नाही, त्याची फक्त जागा बदलली."

सरकारांच्या कपाळावर आठी चढली. साळूने मात्र पदर सारखा केला आणि पंतांना वाकून नमस्कार केला.

"पंत बोलले ते खरं आहे, सरकार. वजनानं जागाच बदलली. मी अडाणी, मला दरबारची रीत ठाऊक नाही, म्हणून विचारते. शिकारीत सरकारांची गोळ्यांची थैली खांद्यावर घ्यायचा मान कोणाचा?"

तो मान कारभाऱ्यांचा होता! आजवर त्या थैलीत मोजून दहा गोळ्या असायच्या, आणि त्या मिरवत पंत शिकारभर ताठ मानेने चालायचे.

सरकारांनी एकदा जड दस्त्याकडे पाहिलं, एकदा पंतांच्या किडकिडीत खांद्याकडे पाहिलं आणि असे हसले की त्यांना आंब्याचा आधार घ्यावा लागला. हसू आवरल्यावर त्यांनी कारखाना गोंदाजीच्या घराण्याकडे कायमचा लिहून दिला आणि साळूला चांदीची घागर देऊ केली.

"चांदीची विहिरीवर कशी नेऊ, सरकार? तांब्याची द्या, पण मोठी द्या."

"दिली," सरकार म्हणाले. "आणि पंत, उद्या पहाटे शिकारीला निघायचं. डोंगरापलीकडच्या रानात जाऊ म्हणतो. थैली काठोकाठ भरून घ्या."