सोनखारच्या धक्क्यावरची घंटा

सोनखारच्या धक्क्यावर लाकडी चौकटीत एक घंटा टांगलेली आहे. देऊळ नाही, चर्च नाही, मशीद नाही, नुसती घंटा. पाहुणे थबकले की जाळे विणणारे म्हातारे रमजानकाका हात न थांबवता तिची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी ही घंटा चर्चची होती. धुके पडले की ती वाजायची, आणि ख्रिस्ती कोळीवाड्याच्या, मुसलमान मोहल्ल्याच्या सगळ्या होड्या तिच्या आवाजावर घरी यायच्या. मग एका वर्षी खाडीत जाळ्यांचे खुंटे कुठे रोवायचे यावरून जुंपली. भांडण खुंट्यांचे होते, पण डोकी फुटल्यावर ते धर्माचे झाले, असे सांगतात. कोळीवाड्याने मोहल्ल्याशी बोलणे टाकले. एकटा इनास आपल्या दोस्ताला, दाऊदला, भेटत राहिला. त्यावरून धाकटा भाऊ सांतान त्याच्याशी रोज भांडायचा. जेवायला मात्र दादा येईपर्यंत थांबायचा.

गुड फ्रायडे उजाडला. त्या दिवशी चर्चची घंटा वाजवत नाहीत, कोळीवाडा होड्याही काढत नाही. तरी धुके पडले तर आजवर पाद्रीबाबा डोळेझाक करीत आणि दोर ओढला जाई. त्या सकाळी समुद्र दिसेनासा झाला. घंटा वाजवायचे काम सांतानचे, दोर त्याच्या हाती होता. दाऊदची आई अमीनाबी धावत आली.

"सांतान, पोरं बाहेर आहेत. ओढ बाबा."

"आज आमची घंटा मुकी असते, खाला. तुम्ही बांग द्या, येतील त्या आवाजावर."

ती अजीजी करीत राहिली. सांतानने दोर सोडून खुंटीला गुंडाळून ठेवला. बाहेर आपले कोणी नाही, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

दुपारी ऊन पडले. बाकीच्या होड्या तोवर चाचपडत आल्या होत्या. दाऊदची होडी खडकापाशी पालथी सापडली, आणि तिच्या दोरात अडकलेली इनासची लाल टोपी. मारामारीत दाऊदच्या जोडीदाराचा हात मोडला होता, म्हणून त्याच्या जागी इनास घरी न सांगता दाऊदबरोबर गेला होता.

सांतानने दोर धरला आणि तो घंटा वाजवत सुटला. स्वच्छ उन्हात, मोकळ्या समुद्राकडे बघत. लोकांनी ओढले, तो हलेना. हाताची सालटी निघाली म्हणे. शेवटी अमीनाबी आली. ती आता त्याला मारणार, असे सगळ्यांना वाटले. तिने दोराचे खालचे टोक हातात घेतले.

"ओढ," ती म्हणाली. "माझाही यायचाय."

पुढे पाद्रीबाबांनीच घंटा उतरवून धक्क्यावर टांगायला दिली. आजही धुके पडले की एक हात कोळीवाड्याचा आणि एक मोहल्ल्याचा तो दोर ओढतो, गुड फ्रायडेलासुद्धा. धुके फाकते, सगळ्या होड्या धक्क्याला लागतात, तरी घंटा वाजतच राहते. एखादा पाहुणा विचारतो, आता कोण यायचे राहिले?

रमजानकाका समुद्राकडे बघतात.

"दोघं," ते म्हणतात.